अर्ध्याच्या खाली

आमच्या स्वयंपाकघरात कॅलेंडरच्या शेजारी तळहाताएवढी एक काच आहे. या क्षणाला घरात किती वीज ओढली जातेय तो आकडा तिच्यावर वर दिसतो, आणि खाली इन्व्हर्टरच्या बॅटरीत किती टक्के उरलंय त्याची उभी पट्टी. नवरा म्हणतो, काढून टाक ती. मी काढत नाही. कोणी विचारलं तर सांगते की भिंतीला भोकं दिसतील. ते खोटं आहे.

ती काच मी आईसाठी आणली होती. माझी आई सूर्यमाळच्या एका पाड्यावरची. सारा जन्म तिनं बिनखिडकीच्या घरात चुलीपुढे बसून नागलीच्या भाकरी थापल्या. विडीला कधी हात लावला नाही, पण जव्हारच्या डॉक्टरांनी तिच्या छातीचा फोटो उजेडात धरला तेव्हा म्हणाले, हा सगळा धूर आहे. आता हिला दिवसभर ऑक्सिजनची नळी लागेल, झोपतानासुद्धा. वडील केव्हाच गेलेले आणि मी एकुलती एक, त्यामुळे मी तिला मोखाड्याला माझ्या घरी आणलं. ती यायला तयार नव्हती. मी तिला विचारलंच नव्हतं म्हणा. मी कोणाला फारसं विचारत नाही. सरकारी कचेरीत टेबलामागं बसून बसून मला हुकूम सोडायची सवय झाली आहे, आणि तापट तर मी जन्मापासून आहे.

ऑक्सिजनचं मशीन आलं. लहान ट्रंकेएवढं, खाटेजवळ ठेवायचं. ते खोलीतली हवा ओढतं, तिच्यातून ऑक्सिजन गाळतं आणि नळीतून नाकात सोडतं. सोबत अडीअडचणीला म्हणून एक सिलिंडर होता, पण त्याची चावी फिरवायला माझाच जोर पुरायचा. आईच्या हाताला ते जमण्यासारखं नव्हतं. म्हणजे खरा भरवसा मशीनवर, आणि मशीन चालतं विजेवर.

आमच्याकडे वीज जाते. घाटात झाड पडलं की जाते, वारा सुटला की जाते, आणि काहीच झालं नाही तरीही जाते. म्हणून दोन बॅटऱ्यांचा इन्व्हर्टर बसवला. वायरमन जव्हारहून आला होता, बोलायला मोठा गोड माणूस. म्हणाला, "ताई, मशीन एकटं चाललं तर सहा-सात तास निघतील. पण घरातलं बाकीचं पण ओढत बसलं तर चारसुद्धा निघायचे नाहीत. आणि बॅटरी सारखी अर्ध्याच्या खाली नेऊ नका. मरते ती." वायरिंग जुनं, त्यामुळे मशीनची वेगळी लाइन काढायची तर भिंती फोडाव्या लागल्या असत्या. ते पावसाळा संपल्यावर बघू असं ठरलं. तोवर घरातला प्रत्येक दिवा आणि पंखा आईच्या श्वासातला वाटेकरी होता. मी ते तसंच मोजायला लागले.

काच त्याचसाठी. वायरमननं मेन वायरीला एक चिमटा लावला, बॅटरीला दुसरा, आणि आकडा भिंतीवर आला. तेच सगळं माझ्या मोबाइलवरही दिसायचं. पहिल्या रविवारी मी घरातली एकेक वस्तू लावून बघितली. आईचं मशीन तीनशे तीस वॅट. जुना पंखा पंचाहत्तर, तो त्याच आठवड्यात काढला आणि तिसातच फिरणारा नवा आणला. टीव्ही बंद असताना त्याच्याखालचा डबा नुसता बसून दहा खात होता. मला त्याचा इतका राग आला की मी त्याची पिनच उपटली. इस्त्री बंद. वीज गेल्याबरोबर फ्रीज बंद करायचा, ही सक्त ताकीद. वीज असताना वाचवून बॅटरीत काही पडत नव्हतं हे मलाही कळत होतं, पण सवय आधी लावावी लागते, नाहीतर आयत्या वेळी काही सुचत नाही.

नवरा आश्रमशाळेत मास्तर, तिथंच राहतो आणि शनिवारी घरी येतो. तो एकदा दारातच उभा राहिला. म्हणाला, "चपला बाहेर काढल्या. आता मोबाइलचा चार्जरपण बाहेरच ठेवू का?" मी म्हटलं, ठेव. थेंबे थेंबे तळे साचे. तो हसला आणि खरोखर चार्जर काढून खिशात घातला. पुढे पुढे तोही मुकाट्यानं मागून दिवे मालवत फिरू लागला. मी इतकी तरबेज झाले होते की कचेरीत बसून नुसता आकडा बघून सांगायचे, आता घरी मिक्सर लागला, आता शेजारच्या वहिनींनी पंखा दोनवर केला. वहिनी दिवसा आईजवळ बसायच्या. मी फोन करून त्यांना पंखा एकवर करायला लावायचे. त्या म्हणायच्या, "तुम्ही काय भिंतीत बसलाय का हो?" मला त्याचा अभिमान वाटायचा.

आईची खाट अशी होती की उघड्या दारातून तिला काच समोर दिसायची. दिवसभर दुसरं काय बघणार? अक्षरं तिला येत नव्हती, पण प्रौढांच्या वर्गात शंभरपर्यंत आकडे शिकलेली होती, आणि पट्टी तर कोणालाही कळते. पट्टी अर्ध्याखाली गेली की हिरवीची लाल होत असे. तिनं एकदा बोट दाखवून विचारलं, "अर्ध्यावर ती रेघ कसली गो?"

मी भाजी चिरता चिरता म्हटलं, "अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायचं नाही, आये."

"बरा," ती म्हणाली आणि मान हलवली.

तिनं पुढे काही विचारलं नाही, आणि मलाही काही खटकलं नाही. खटकायला हवं होतं, कारण तिच्या पाड्यावरचा झरा मला माहीत होता.

चैत्र-वैशाखात आमच्या पाड्यावर पाण्याचे हाल असत. खाली ओहोळात खडकाच्या बुडाशी एक खड्डा होता, घमेल्याहून थोडा मोठा. त्यात पाणी पाझरत येई. बाया हंडे लावून ओळीनं बसत आणि जिची पाळी येई ती करवंटीनं हलक्या हातानं पाणी भरून घेई. नियम एकच होता, की खड्डा अर्धा ठेवून उठायचं. मागून येणारीला कोरड्या खड्ड्याशी बसवायचं नाही. मग तुझा हंडा भरलेला असो की नसो. मी आठ-नऊ वर्षांची असताना एकदा ऊन फार लागत होतं, घाई झाली होती, आणि आईचं लक्ष नाही बघून मी तळापर्यंत खरवडून भरलं. गढूळ पाणी हंड्यात आलं तसं तिला कळलं. सगळ्या बायांच्या देखत तिनं आमचा हंडा उचलला आणि खड्ड्यात परत ओतला, अर्धा होईपर्यंत. चढण चढून आम्ही जवळजवळ रिकामा हंडा घेऊन घरी आलो. मी वाटभर रडत होते. त्या दिवशी आमच्या घरी सगळे तहानेले राहिले आणि आईला त्याचं काही वाटलं नाही, याचा राग मला कितीतरी वर्षं होता.

पावसाळा सुरू झाला तशी वीज जाऊ लागली. कधी दोन तास, कधी पाच. मी घरी येऊन आधी काच बघायचे, मग आईकडे. बॅटरी पंचावन्न टक्के. बावन्न. चोपन्न. एकदा तर सकाळी गेलेली वीज संध्याकाळी आली तरी पट्टी अर्ध्यावर हिरवीच होती. मी कचेरीत सगळ्यांना मोबाइल दाखवला. म्हटलं, बघा, याला म्हणतात शिस्त. हिशोब जुळत नव्हता. मशीन सबंध दिवस चाललं असतं तर एवढं उरणं शक्य नव्हतं, हे तिसरी-चौथीतल्या पोरालाही सांगता आलं असतं. पण मला तो जुळवायचाच नव्हता, कारण न जुळणारं सगळं माझ्या कर्तबगारीच्या खात्यात पडत होतं.

त्याच दिवसांत आईचे पाय सुजले. नखं निळसर दिसायला लागली. जव्हारला नेलं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "मशीन सतत चालू असतं ना?"

"माझ्या मोबाइलवर सगळं दिसतं, डॉक्टर," मी म्हटलं. थोडं ठसक्यातच. आई माझ्या शेजारी स्टुलावर बसली होती. ती खिडकीतून बाहेर बघत राहिली.

मग एक दिवस मी काही कागद विसरले म्हणून दुपारी अचानक घरी आले. वीज नव्हती. वहिनी मागल्या दारी भांडी घासत होत्या. आई खाटेवर बसून तोंडानं श्वास घेत होती, नळी गुंडाळून भिंतीतल्या खिळ्याला टांगलेली, आणि मशीन गप्प. काचेवर पट्टी अर्ध्याला टेकली होती.

मी ओरडले. काय काय बोलले ते लिहवत नाही. नळी लावली, मशीन चालू केलं आणि तिच्यासमोर बसले. थोडा दम आल्यावर ती म्हणाली, "अर्धा र्‍हायला व्हता ना. मांगून येल त्याला नको?"

"मागून कोण येणार आहे, आये? ही काय विहीर आहे? हे फक्त तुझ्यासाठी आहे. तुझ्या एकटीसाठी."

ती माझ्याकडे बघत राहिली, लहानपणी मी काही वेडंवाकडं बोलले की बघायची तशी. म्हणाली, "एकल्या मानसासाठी झरा कोन खनतं गो? आन् तूच तर सांगलास, अर्ध्याच्या खाली नाय."

मी तिला समजावलं. ते बाकीच्यांसाठी होतं, पंख्यासाठी, फ्रीजसाठी. तुझ्यासाठी नाही. तू संपव सगळं. लाल होऊ दे, काळं होऊ दे. ती "हो हो" म्हणाली. तिचं हो हो कसं असतं ते मला माहीत होतं, कारण मीही कचेरीत लोकांना तसंच हो हो म्हणते. पण मला परत कामावर जायची घाई होती. जाताना वहिनींना सांगितलं, लक्ष ठेवा. आणि रात्री त्या काचेवर कागद चिकटवायचं मनात आलं होतं, तिला दिसूच नये म्हणून. मग मलाही दिसणार नाही, म्हणून चिकटवला नाही.

श्रावणातली गोष्ट. सकाळपासून पाऊस धरून होता. साडेदहाला वीज गेली. कचेरीत खिडकीपाशी दाखल्यासाठी माणसांची रांग होती आणि मी कागद बघता बघता मोबाइलवर डोळा ठेवून होते. तीनशे अडुसष्ट. म्हणजे मशीन, पंखा आणि इंटरनेटचा डबा. फ्रीज वहिनींनी बंद केलेला. सगळं ठाकठीक. मग रेंज गेली. आमच्याकडे तीही जाते. बऱ्याच वेळानं परत आली तेव्हा आकडा होता अडतीस.

मी अडतीस वाचला आणि मला बरं वाटलं.

हे मला लिहायचं होतं. बाकीचं सगळं मी लोकांना सांगितलंय, नवऱ्यालाही. हे नाही सांगितलं. इतके महिने मी आकडा कमी झाला की खूश व्हायला शिकले होते, आणि तो कमी झाला तशी मी खूश झाले. मनात "वा" म्हटलं. फोन पालथा ठेवला आणि समोरच्या माणसाला विचारलं, झेरॉक्स आणलीय का. त्याच्या मागच्याचा दाखला केला. त्याच्याही मागच्याचा केला. मग शिक्का उचलला आणि हात वरच राहिला. पंखा तीस. इंटरनेटचा डबा आठ. झाले अडतीस. आणि मशीन? नुसत्या आकड्यावरून मिक्सर ओळखणारी बाई मी.

वहिनींचा फोन लागेना. कचेरीपासून घर दहा मिनिटांवर आहे, मी पळत गेले, छत्री टेबलालाच राहिली. वाटेत वहिनी त्यांच्याच दारात दिसल्या. त्यांच्या स्वयंपाकघरात पाणी गळायला लागलं होतं, म्हणून आईच त्यांना म्हणाली होती, तू जा, मी जरा निजते. त्यांना जाऊन फार वेळ झाला नव्हता. त्यांचा काही दोष नाही. मी तेव्हा त्यांना वाटेल ते बोलले, पुढे माफीही मागितली, पण त्या आता आमच्याकडे पूर्वीसारख्या येत नाहीत.

आई भिंतीला टेकून बसली होती. मान एका बाजूला. नळी नीट गुंडाळून खिळ्याला लावलेली, पाड्यावर विहिरीचं पाणी शेंदायचा दोर ती लावून ठेवायची तशीच. मशीनचं बटण बंद. मी बटण दाबलं, नळी लावली, सिलिंडरची चावी फिरवली, तिचे हात चोळले. वहिनी जवळच्या डॉक्टरांना घेऊन आल्या. त्यांनी तपासलं आणि मशीन त्यांनीच बंद केलं. त्या वेळी मी काचेकडे बघितलं, कारण माझी नजर सवयीनं तिकडेच जायची. पट्टी हिरवी होती. बावन्न.

पुढे महिन्याभरानं मी मोबाइलवर मागचे सगळे दिवस काढून बघितले. ते त्यात साठवलेले असतात, मी कधी मागं जाऊन बघितले नव्हते. वीज गेलेला प्रत्येक दिवस एकसारखा. आकड्याची रेघ वरून सरळ चाललेली, आणि बॅटरी अर्ध्याजवळ आली की एकदम खाली, अडतिसावर. मी तिला रागावले त्या दिवसानंतरसुद्धा. कधी तासभर, कधी तीन तास ती नळीशिवाय बसलेली, आणि मी घरी यायच्या सुमाराला रेघ पुन्हा वर. म्हणजे मी दिसायच्या आत ती नळी लावून घ्यायची. मला फसवायला तिला फार कष्ट पडले नसणार.

पण ते नंतरचं. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत वीज आलीच नाही. नवरा आला. पाड्यावर निरोप गेला आणि दोन जिपा भरून माणसं उतरली, ओली, चिखलानं भरलेली. मावश्या, चुलत्या, झऱ्यावर आईच्या मागंपुढं बसलेल्या बाया. सगळ्या तिच्याभोवती बसल्या. घरात दिवे चालू होते. दोन पंखे लावले होते, लुगडी वाळावीत म्हणून. लांबच्या नातेवाइकांना कळवायचं होतं, म्हणून कोपऱ्यात चार-पाच मोबाइल चार्जिंगला लागले होते. बाहेर गल्लीत मिट्ट काळोख आणि आमचं एकच घर उजेडात.

थोरली मावशी माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "बरा झाला बाय, तुज्याकडं लाइट हाय. नाय तं काळोखात बसाया लागला असता सगल्यांना."

मी काचेकडे बघितलं. सेहेचाळीस. पट्टी लाल झाली होती. पाड्यावरच्या एकालाही ते काय आहे हे माहीत नव्हतं. ते येऊन तिच्या उजेडात बसले होते आणि तिनं ठेवलेलं हळूहळू उतरत होतं.

तेवढ्यात नवरा उठला. आम्हाला दोघांना लागलेली सवय. स्वयंपाकघरात कोणी नव्हतं, तिथला दिवा मालवायला त्यानं बटणावर हात नेला.

"राहू दे!" मी इतक्या मोठ्यानं ओरडले की रडणाऱ्या बाया गप्प झाल्या. "हात लावू नकोस. ते यांच्यासाठी ठेवलंय तिनं."

त्याला काही कळलं नाही. त्यानं हात मागं घेतला आणि तो दारात तसाच उभा राहिला. मावशीनं मात्र माझ्याकडे, मग आईकडे बघितलं आणि विचारलं, "किती ठेवलान?"

"अर्धं," मी म्हटलं.